गव्हाच्या काडावर तापणारी शाळा



आपल्या कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी वाफ एकाच फेरीत दोन कामे करते, हे गळीत हंगामात कारखाना पाहून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बगॅस जळतो, पाण्याची वाफ होते, ती जोराची वाफ टर्बाईन फिरवते आणि वीज निघते. टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ दमलेली असते, पण थंड झालेली नसते. तिच्या पोटात पुष्कळ उष्णता शिल्लक असते. ती आपण हवेत सोडून देत नाही. रस तापवायला, रस आटवून पाक करायला, पॅनमध्ये साखर शिजवायला तीच वाफ लागते. हा हिशेब नीट बसतो म्हणून साखर कारखाना बाहेरून कोळसा न आणता उसाच्या चोथ्यावर चालतो.

थंड मुलखातले लोक हीच युक्ती आणखी एका कामासाठी वापरतात. गावातली शाळा, दवाखाना, वृद्धांचे निवासस्थान, नगरपालिकेची कचेरी आणि त्यांच्या जोडीने गावातली घरे, ही सगळी ते एकाच बॉयलरवर तापवतात. आणि डेन्मार्कसारख्या देशात कित्येक गावी त्या बॉयलरमध्ये जळते ते शेतकऱ्याच्या रानातले गव्हाचे काड. त्याहून आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, असली बरीच उष्णताघरे तिथल्या ग्राहकांच्या स्वतःच्या मालकीची आहेत, म्हणजे आपल्यासारखी सहकारी. हे सगळे कसे जमले, काय बिघडले आणि त्यातले आपल्याला काय घेता येईल, ते या लेखात पाहू.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे शेकोटी पेटवायची आणि दहाच्या सुमारास स्वेटर काढून खुंटीला अडकवायचा. तिकडे ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंत घर तापवावेच लागते. जानेवारी-फेब्रुवारीत पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. शाळेची खोली तापवली नाही तर पोराच्या हातात पेन्सिल धरवत नाही, आणि दवाखाना तापवला नाही तर रोगी दुखण्याआधी थंडीनेच बेजार होईल. त्यामुळे सार्वजनिक इमारतीच्या खर्चात सरपणाचा खर्च हा आपल्याकडच्या वीजबिलासारखा फुटकळ नसतो, तो मोठा आकडा असतो. पूर्वी प्रत्येक मोठ्या इमारतीच्या तळघरात तेलावर चालणारा स्वतंत्र बॉयलर असे. तेलाची गाडी यायची, टाकी भरायची आणि बिल ठेवून जायची.

मग १९७३ साल उजाडले. अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि भाव कडाडले. आपल्याकडे रॉकेलच्या रांगा आणि खताची टंचाई ज्यांना आठवते त्यांना ते साल वेगळे सांगायला नको. डेन्मार्कची अवस्था तर फारच बिकट झाली, कारण त्या देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जेची गरज तेव्हा आयात तेलावर भागत होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला सरकारने बंदी घातली. लोक राजरस्त्यावरून सायकली घेऊन आणि पायी हिंडले. या दणक्यातून त्या देशाने जे धडे घेतले त्यातला एक १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्यात उतरला. कोणत्या गावात, कोणत्या भागात उष्णता कशी पुरवायची याचा आराखडा नगरपालिकांनी करायचा, असे त्या कायद्याने ठरले. जिथे वस्ती दाट आहे तिथे घरोघर वेगळी भट्टी ठेवायची नाही, एकच उष्णताघर बांधायचे आणि नळांनी गरम पाणी फिरवायचे.

याच व्यवस्थेत आणखी एक तत्त्व आहे, ते आपल्या सभासदांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. उष्णता पुरवणाऱ्याने त्या धंद्यात नफा करायचा नाही. सरपण, पगार, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते आणि व्याज हा जो खरा खर्च, तेवढाच दरातून वसूल करायचा. एखाद्या वर्षी शिल्लक पडली तर पुढच्या वर्षी दर उतरवून ती ग्राहकाला परत करायची. यामागचे कारण उघड आहे. एकदा घरातली भट्टी काढून टाकली आणि नळ जोडला की ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नाही. कापडाचे दुकान बदलता येते, जमिनीखालचा नळ बदलता येत नाही. अशा ठिकाणी नफ्याला मोकळीक दिली तर काय होईल ते सांगायला अर्थशास्त्री नको. आज त्या देशातली सुमारे दोन तृतीयांश घरे अशा नळांना जोडलेली आहेत.

डेन्मार्कच्या शेतकऱ्याला सहकार नवा नव्हता. तिथली पहिली सहकारी डेअरी १८८२ सालची. आपल्याकडे प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले, त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधीची गोष्ट. दूध घालणाऱ्याने डेअरीचा मालक व्हायचे ही सवय अंगी मुरलेली होती, म्हणून ऊब घेणाऱ्याने उष्णताघराचा मालक व्हायचे, हे त्यांना फारसे वेगळे वाटले नाही.

आता यंत्राकडे वळू. गावाच्या कडेला एक शेड, शेजारी चिमणी आणि एक उंच गोल टाकी, एवढाच काय तो बाहेरून दिसणारा पसारा. आत बॉयलर. त्यात पाणी साधारण सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापते. वाफ करायची नसल्याने दाब मोठा लागत नाही, आणि म्हणून आपल्या कारखान्याच्या बॉयलरपेक्षा हे काम पुष्कळच सोपे. हे पाणी पंपाने जमिनीखालच्या नळात सोडतात. नळ लोखंडी, त्याभोवती फोमचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिकचे कवच. जाणारा नळ एक आणि परत येणारा एक, अशी जोडी शेजारी-शेजारी पुरलेली असते. प्रत्येक इमारतीत हे पाणी आपली उष्णता भिंतीलगतच्या लोखंडी पट्ट्यांना, म्हणजे रेडिएटरला देते किंवा मधल्या एका पेटीत दुसऱ्या पाण्याला देते, आणि चाळीस अंशांच्या आसपास थंड होऊन परत फिरते. पाणी तेच तेच फिरत राहते, फक्त त्याच्या पाठीवरचे ओझे उतरते. ती उंच टाकी म्हणजे उष्णतेचे कोठार. रात्री मागणी कमी असताना भरायची आणि पहाटे सगळे गाव एकदम उठले की रिकामी करायची.

मीटर पाण्यावर नसतो, उष्णतेवर असतो. किती पाणी आले, किती गरम आले, किती गार होऊन गेले, यावरून युनिटचा हिशेब होतो. पुष्कळ उष्णताघरांनी त्यात एक मेख मारून ठेवली आहे. ज्याच्या इमारतीतून पाणी जास्त गार होऊन परत येईल त्याला दरात सवलत, आणि ज्याच्याकडून कोमट-कोमटच परत येईल त्याला थोडा भुर्दंड. आपल्याकडे उतारा पाहतात, तसा तिकडे परतीच्या पाण्याचा पारा पाहतात म्हणा ना. गार पाणी परत आले म्हणजे त्याच नळातून जास्त उष्णता पोचली, पंपाला काम कमी पडले, वाटेतली गळती कमी झाली. शाळेची देखभाल करणारा माणूस मग दर आठवड्याला तो आकडा बघतो आणि कुठल्या वर्गातली तोटी विनाकारण उघडी आहे ते शोधत फिरतो.

या सगळ्यात सार्वजनिक इमारतीचे स्थान काय? ती या धंद्याची मेढ आहे. खळ्यात मेढ घट्ट रोवल्याशिवाय बैल फिरवता येत नाहीत. मोठी शाळा वीस-पंचवीस घरांइतकी उष्णता सहज ओढते. वृद्धांच्या निवासाला तर रात्रंदिवस, बाराही महिने गरम पाणी लागते. घरमालक एकेकटा विचार करतो, शेजाऱ्याची वाट बघतो, बायकोला विचारतो. पण शाळा, दवाखाना आणि कचेरी यांचा निर्णय नगरपालिकेच्या एका ठरावाने होतो. हे मोठे गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून बांधलेले असेल तर बँक कर्ज द्यायला कां-कूं करत नाही, आणि नळाची मुख्य ओळ त्या इमारतीपर्यंत गेली की वाटेतल्या घरांना जोड द्यायला खर्च थोडा येतो.

आता त्या काडाविषयी. गहू आणि सातू कापल्यावर उरणारे काड डेन्मार्कचा शेतकरीही पूर्वी रानातच पेटवून देत असे. आपण पाचट पेटवतो तसेच अगदी, आणि कारणेही तीच. पुढच्या पिकाची घाई, मजुरांची वानवा आणि "वाडवडील करत आले" हे शेवटचे उत्तर. १९९० पासून तिथे काड जाळायला कायद्याने बंदी आली. पुढे १९९३ मध्ये सरकारने मोठ्या वीजकेंद्रांना वर्षाकाठी लाखो टन काड जाळण्याचे बंधन घातले. जे काल काडी लावून मोकळे होत होते त्याला गिऱ्हाईक उभे राहिले.

काडाच्या चौकोनी गासड्या बांधतात, त्या एवढ्या मोठ्या की एकेक सुमारे पाचशे किलोची भरते. उचलायला यंत्रच पाहिजे. उष्णताघराच्या दारात वजनकाटा असतोच, पण नुसत्या वजनावर पैसे मिळत नाहीत. गासडीत ओल किती आहे ते मोजतात आणि त्याप्रमाणे भाव ठरतो. साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव पडतो किंवा गाडी परत जाते. कारण सरळ आहे. ओले काड जळताना आधी स्वतःतले पाणी उडवण्यात उष्णता खर्च करते, आणि पाण्याचे वजन घेऊन त्याला सरपणाचे पैसे कोण देईल?

यात एक गंमत आहे, ती आपल्या शेतकऱ्यालाही पटेल. दिसायला सोन्यासारखे पिवळेधमक काड हे बॉयलरला चांगले नव्हे. त्यात क्लोरीन आणि पोटॅश जास्त असते. त्याची राख भट्टीत वितळून चिकटते, तिचे खडे होतात, आणि नळ्या आतून-बाहेरून खाल्ल्या जातात. उलट कापणीनंतर रानात पडून एक-दोन पाऊस खाल्लेले आणि मग पुन्हा वाळलेले करडे काड बॉयलरवाल्याला हवे असते. पावसाने त्यातले क्षार धुऊन जमिनीत नेलेले असतात. म्हणजे पोटॅश शेताला परत मिळाले आणि बॉयलरचे दुखणेही टळले. आपल्याकडे ज्या कारखान्यांनी बगॅसच्या जोडीला पाचट जाळून पाहिले त्यांना राख चिकटण्याचा हा ताप परका नाही.

गासडी भट्टीत घालण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, गासडी फोडून, काड मोकळे करून थोडे थोडे आत ढकलायचे. दुसरी तऱ्हा मोठी मजेची आहे. गासड्या एकामागे एक लावून अखंडच आत सरकवायच्या आणि पुढचे तोंड जळत राहू द्यायचे. तिला तिकडे "सिगार" पद्धतच म्हणतात. विडी जशी टोकाला जळते आणि ओठांकडून आत सरकते, तशी ती गासडी. धुरातली बारीक राख पकडायला कापडी पिशव्यांची गाळणी लावतात, कारण चिमणी शाळेपासून फार लांब नसते.

थोडे आकडे मांडून बघू. कोरड्या काडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट उष्णता असते. तेलाच्या एका लिटरमध्ये दहा. म्हणजे अडीच किलो काड बरोबर एक लिटर तेल. आपला बगॅस निम्मा पाण्याने भरलेला असतो, म्हणून त्याच्या किलोतून जेमतेम दोन युनिट हाती लागतात. तिकडचे एक साधारण घर, तेराशे-चौदाशे चौरस फुटांचे, वर्षाला सुमारे अठरा हजार युनिट उष्णता घेते. बॉयलरमधली तूट आणि नळातली गळती धरून एक किलो काडातले पावणेतीन-तीन युनिटच घरात पोचतात असे समजा. तर त्या घराला वर्षाला सहा-साडेसहा टन काड, म्हणजे बारा-तेरा गासड्या लागल्या. एकरी दीड टनाच्या आसपास काड धरले तर एका घराच्या उबेसाठी चार एकरांहून थोडे अधिक रान. हा हिशेब आमचा, ढोबळ आहे, पण त्यावरून एवढे कळते की आसपास गव्हाचा मुलूख असेल तरच ही गोष्ट जमायची. काड फार लांबून आणणे परवडत नाही, ते जागा फार खाते आणि वजन थोडे भरते.

प्रत्यक्षात हे कसे घडले त्याचे एक चांगले उदाहरण साम्सो बेटाचे आहे. डेन्मार्कच्या मधोमध समुद्रातले एकशे चौदा चौरस किलोमीटरचे बेट, वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. शेती हाच मुख्य धंदा, आणि तिथला लवकर निघणारा नवा बटाटा साऱ्या देशात नावाजलेला. तेल, कोळशाची वीज, सगळे बाहेरून येणार. १९९७ साली सरकारने स्पर्धा ठेवली की, दहा वर्षांत संपूर्णपणे स्वतःच्या नूतनक्षम ऊर्जेवर उभे राहण्याचा चांगला आराखडा कोणते बेट करून दाखवते. इतर बेटांना मागे टाकून साम्सोने ती जिंकली. गंमत अशी की बक्षीस म्हणून थैली वगैरे काही मिळाली नाही, मान तेवढा मिळाला. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडून शंभरेक लोकांचा रोजगार बुडाला होता. तरुण पोरे बेट सोडून चालली होती. तेव्हा ऊर्जेचा प्रश्न हा नुसता धुराचा आणि हवेचा नव्हता, गाव राहील की नाही याचा होता.

कामाचा पुढाकार सोरेन हेर्मान्सेन या गृहस्थाकडे आला. शेतकऱ्याच्या घरचा, पेशाने शिक्षक. गावोगाव बैठका झाल्या. लोक लगेच हो म्हणाले असे मुळीच नाही. ज्याने गेल्याच वर्षी नवी तेलभट्टी बसवली तो कशाला उत्साह दाखवील? म्हातारा-म्हातारी म्हणणार, आमची किती वर्षे राहिली, अंगण खणून काय करता? दर किती पडेल, भट्टी बंद पडली तर मध्यरात्री कोण येईल, असे सगळे प्रश्न निघाले आणि ते योग्यच होते. त्यांनी एक चांगली तोड काढली. खोदाई सुरू होण्याआधी जो नाव नोंदवील त्याला जोडणी नाममात्र फीमध्ये, आणि जो मागाहून येईल त्याला पूर्ण खर्चाने. त्यामुळे किती घरे येणार हे आधीच कागदावर आले, आणि त्यावरून बॉयलर किती मोठा घ्यायचा ते ठरले. आपल्याकडे ऊस नोंदीवरून गाळपाचा अंदाज बांधतात, तशातली गत. नोंदीविना कारखाना सुरू करणाऱ्याचे काय होते ते आपल्याला माहीत आहे.

बेटाचे मुख्य गाव ट्रानेब्येर्ग. शाळा, दवाखाना, नगरपालिका इथेच. या गावाला काडाच्या बॉयलरचे गरम पाणी स्पर्धेच्या आधीपासूनच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मिळत होते. २००२ नंतरच्या तीन-चार वर्षांत आणखी तीन उष्णताघरे उभी राहिली. त्यांतली दोन काडावरची. ओन्सब्येर्ग या गावातले स्थानिक धंदेवाल्याने बांधले. बालेन आणि ब्रुंडबी या जोडगावांचे ग्राहकांनी स्वतःच, सहकारी तत्त्वावर. तिसरे नोर्डबी आणि मोरूपचे. तिथे अडीच हजार चौरस मीटर सूर्यपट्ट्या मोकळ्या रानात मांडल्या आहेत आणि जोडीला लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा बॉयलर आहे. पट्ट्यांखालचे गवत कापायला माणूस लावण्याऐवजी मेंढ्या सोडल्या. सूर्याकडून वर्षाच्या उष्णतेचा पाचवा-चौथा हिस्सा मिळतो. उन्हाळ्यात नुसते आंघोळीचे पाणी तापवायचे असते तेव्हा मोठा बॉयलर पेटवावाच लागत नाही, हा त्यातला खरा फायदा. वीज मात्र वाऱ्याच्या चक्क्यांची. जमिनीवर एकेक मेगावॉटच्या अकरा, त्यांतल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि दोन भागधारकांच्या, आणि समुद्रात दहा. दहा वर्षे संपेपर्यंत बेटावरची सुमारे सत्तर टक्के उष्णता काड, लाकूड आणि सूर्य यांच्यावर आली.

सगळेच मनासारखे झाले असे नाही. ज्या वस्त्यांत पुरेशा घरांनी होकार दिला नाही तिथले बेत कागदावरच राहिले. मोटारी आणि ट्रॅक्टर त्यानंतरही तेलावरच चालत राहिले. आणि नळाची गळती हे तर कायमचेच दुखणे. कितीही फोम गुंडाळला तरी देशात सरासरीने जवळजवळ पाचवा हिस्सा उष्णता वाटेतच मातीला जाते, आणि घरे विरळ असतील तर त्याहूनही जास्त. म्हणून वाडी-वस्तीवर एकेकटे घर असेल तर त्याला नळ नेण्यात अर्थ नाही, हे तिथल्या जाणत्यांनी स्वतःच सांगून टाकले. मोठ्या शहरांनी कोळसा सोडला खरा, पण लाकडाच्या गोळ्या बोटी भरभरून परदेशातून आणायला लागले. त्यावर त्या देशात पुष्कळ वाद आहे. आम्हाला विचाराल तर तेल गेले आणि परक्याचे लाकूड आले, यात गावाचे भले कितीसे झाले, ही टीका बरोबरच आहे. साम्सोच्या काडाला ती लागू पडत नाही, कारण ते कुंपणापलीकडच्या रानातले आहे.

आणखी एका बेटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांनी केले ते आपल्या शेततळ्यासारखेच आहे. एर्यो बेटावरचे मार्स्टाल गाव. तिथली उष्णता संस्था १९६२ पासून ग्राहकांच्या मालकीची. तिने २०१२ पर्यंत वाढवत वाढवत तेहेतीस हजार चौरस मीटर सूर्यपट्ट्या बसवल्या. पण उन्हाळ्यातले ऊन हिवाळ्यात कसे वापरणार? त्यांनी जमिनीत मोठे तळे खणले, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पंचाहत्तर हजार घनमीटर, म्हणजे साडेसात कोटी लिटर पाणी भरले आणि वर तरंगते जाड झाकण घातले. उन्हाळाभर ते पाणी तापवत राहायचे आणि थंडी पडली की काढून वापरायचे. वर्षाची निम्मी उष्णता सूर्याची असावी असा त्यांचा बेत होता. असल्या तळ्यांच्या झाकणात पाणी मुरून ती बदलण्याची पाळी आली हेही सांगितले पाहिजे. तळे तळाशी फुटेल ही भीती होती, फुटले ते डोक्यावर.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याला शाळा तापवायची नाही, उलट मे महिन्यात ती गार कशी ठेवायची हा प्रश्न आहे. तेव्हा नळाचे जाळे जसेच्या तसे उचलून आणण्यात शहाणपण नाही. पण गरम पाणी आपल्यालाही लागतेच. वसतिगृहात दोनशे मुले पहाटे आंघोळीला उभी राहतात, रुग्णालयात बाळंतिणीला आणि कपडे-भांडी उकळायला पाणी लागते, आणि कित्येक ठिकाणी ते अजून लाकडाच्या बंबावर किंवा विजेच्या गिझरवर तापते. छपरावर दोन चौरस मीटरची साधी सूर्यपट्टी रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी आंघोळीपुरते तापवून देते. दोनशे मुलांना प्रत्येकी पंधरा लिटर धरले तर तीन हजार लिटर, म्हणजे साठ चौरस मीटर. एका वसतिगृहाच्या छपरावर ते बसते. ढगाळ दिवसांसाठी जुना बंब जागेवर ठेवावा, काढून टाकू नये. क्षाराचे पाणी असेल तर नळ्या चोंदतात, तेव्हा विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे.

पाचटाबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. डेन्मार्कने काड विकले म्हणून आपण सगळे पाचट गोळा करून बॉयलरला घालावे, असा अर्थ कोणी काढू नये. तिकडे जमीन गार, तिच्यातला सेंद्रिय अंश सावकाश झिजतो, आणि तरीही तिथले जाणते शेतकरी दरवर्षी सगळे काड देत नाहीत, काही वर्षी ते बारीक करून रानातच नांगरतात. आपल्या उन्हात जमिनीतला सेंद्रिय अंश भराभर जळतो. एकरी तीन-चार टन पाचट पडते. ते खोडव्याच्या सरीत आच्छादून, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर पाण्याची पाळी लांबते, तण दबते आणि जमिनीला अन्न मिळते. जाळले तर यातले काहीच मिळत नाही, वर डोळ्यांत धूर. बॉयलरसाठी आपल्याला बगॅस पुरेसा आहे, तो कोरडा कसा ठेवायचा आणि वाफ कमी कशी खर्चायची तिकडे लक्ष दिले तर वीज जास्त विकता येईल. एक किलो बगॅसपासून सुमारे सव्वादोन किलो वाफ निघते, आणि टनामागे वाफेचा खर्च जेवढा उतरेल तेवढा बगॅस मागे पडतो.

राखेची गोष्टही तशीच आहे. काडाच्या भट्टीच्या तळाला जमणारी राख डॅनिश शेतकरी काडाच्या रिकाम्या गाडीतून परत नेतो आणि पोटॅशसाठी रानात पसरतो. धुराच्या गाळणीतली बारीक राख मात्र वेगळी ठेवतात, कारण तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू साठतो आणि तो किती चालेल याची मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्या कारखान्याची बॉयलरची राख मळीच्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये मिसळून खत होते. ज्यांना ते न्यायचे आहे त्यांनी जमिनीचा क्षार आणि सामू तपासून मगच प्रमाण ठरवावे. आधीच खारावलेल्या रानात जादा राख टाकणे बरे नव्हे.

साम्सोवरचे पहिले बॉयलर आता जुने होत आले आहेत. डेन्मार्कमधल्या पुष्कळ उष्णताघरांनी अलीकडे वाऱ्याच्या स्वस्त विजेवर चालणारे मोठे हीट पंप बसवले. हे यंत्र समुद्राच्या किंवा हवेच्या गारव्यातूनसुद्धा उष्णता उपसून पाण्याला देते, आपला फ्रीज उलटा बसवल्यासारखे. त्यामुळे गावोगावच्या वार्षिक सभांपुढे आता नवा प्रश्न आहे. बॉयलर बदलायची वेळ आली की पुन्हा काडाचाच घ्यायचा, का पंपाकडे वळायचे? पंप घेतला तर माणूसबळ कमी लागते आणि वारा असेल त्या दिवशी उष्णता स्वस्त पडते. काड घेतले तर पैसा शेजारच्या शेतकऱ्याच्या खिशात जातो, वारा असो की नसो भट्टी चालते, पण कोठार बांधून काड कोरडे ठेवावे लागते. सहकारी उष्णताघरात याचा निकाल सभासदच लावतात. कोणाचे घर मोठे असो की लहान, मत एकेकच.